तळमजल्यावरचं पोलिश

"तीन महिने!" उस्ताद बहगत यांनी चहाचा पेला टेबलावर असा आपटला, की आतला पुदिना उडून काठावर येऊन बसला. "तीन महिन्यांत मी पोलिश असं बोलेन, की पोलंडचे लोक एकमेकांना विचारतील, हा गृहस्थ आपल्यापैकी कुठल्या गल्लीतला?"

"हळू बोला!" त्यांच्या पत्नी अफाफबाई धावत गेल्या आणि त्यांनी डक्टची खिडकी धाडकन लावली. "आधी आवाज खाली, मग पोलंड!"

बहगत यांचा आत्मविश्वास अगदीच निराधार होता असं नाही. कैरोतल्या मतरिया भागातल्या शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. युरोपातल्या नद्या, त्यांच्या उपनद्या, त्या कुठे वळतात आणि का वळतात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत. स्वतः मात्र अलेक्झांड्रियाच्या पुढे कधी गेले नव्हते. पुढे समुद्र आहे, हे कारण ते देत, आणि भूगोलाच्या दृष्टीने ते बरोबरही होतं.

त्यांचा मुलगा हैसम हुरघादाला पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवायचा. एकदा मागदा नावाची पोलिश मुलगी बुडी मारायला आली आणि वर येताना हैसमला घेऊनच आली. आता दोघं पोझनानला राहत होती. सुनेचं नाव मागदा आहे हे कळल्यावर अफाफबाईंचा अर्धा राग तिथल्या तिथे गेला होता. "मागदा म्हणजे आपल्यातलंच नाव की! माझ्या आतेबहिणीचंही तेच!" उरलेला अर्धा राग झोशाचा जन्म झाल्यावर गेला.

झोशा आता चार वर्षांची. दर शुक्रवारी फोनच्या पडद्यावर तिचा गोरा गोरा चेहरा यायचा, आणि ती भराभर काहीतरी विचारायची. बहगत हसून मान हलवायचे. ती पुन्हा विचारायची. हे पुन्हा हसून मान हलवायचे. एका शुक्रवारी तिने आईकडे वळून काहीतरी विचारलं, आणि हैसमचा चेहरा पडला.

"काय म्हणाली रे?"

"काही नाही, बाबा."

"मी शाळेच्या इन्स्पेक्टरलासुद्धा खोटं बोलू दिलं नाही कधी. काय म्हणाली?"

"म्हणाली... हे आजोबा खरे आहेत, की नुसतं चित्र आहे?"

त्या दिवशी जेवणानंतर बहगत यांनी टरबूज खाल्लं नाही. टरबूज नाकारणारा नवरा अफाफबाई संसारात प्रथमच पाहत होत्या. त्यांनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवसापासून बहगत यांनी ठरवलं. हैसमने बोलावणं धाडलंच होतं, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली होती, आता अफाफबाईंनी घर राखायचं, आपण जायचं, आणि विमानतळावर उतरताच नातीशी तिच्या भाषेत बोलायचं! पोलिशचं हैसमला सांगायचं नाही. चित्र एकदम बोलायला लागलं पाहिजे!

"मोबाइलवर शिकता येतं म्हणे हल्ली," अफाफबाईंनी सुचवलं.

"भाषा पुस्तकातून येते," उस्ताद म्हणाले. "मोबाइलमधून मानदुखी येते."

"बरं, पुस्तक आणा. पण अबू हैसम, माझी एक अट. गल्लीत ब्र काढायचा नाही! व्हिसा नाही, पोलंड नाही, पुस्तक नाही. विमान ढगात गेल्याशिवाय कोणाला कळता कामा नये!"

ही अट समजावून सांगायची गरज नव्हती. पेटती मेणबत्ती पदराआड धरली तरच टिकते, हे आमच्याकडे अंगठा चोखणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. अफाफबाईंच्या मावसभावाने कुवेतच्या नोकरीची बातमी न्हाव्याकडे सांगितली, तर दाढी पुरी व्हायच्या आत कुवेतची कंपनी बुडाली! आणि वरच्या मजल्यावरची उम्म वलीद, म्हणजे वलीदची आई, तिचं तर विचारूच नका. तिने एकदा अफाफबाईंच्या नव्या फ्रिजकडे बघून नुसतं "वा!" म्हटलं. तेव्हापासून त्या फ्रिजमध्ये चादरी ठेवतात.

"माझ्या तोंडाला कुलूप," बहगत म्हणाले. "किल्ली नाईलमध्ये."

पुस्तकाचं काम त्यांना चुटकीसरशी होण्यासारखं वाटलं होतं. कैरोसारखं शहर, अतब्याला जुन्या पुस्तकांचा अख्खा बाजार! त्यांनी पहिल्याच दुकानात रुबाबात विचारलं, "पोलिश शिकायचं पुस्तक?"

"आहे ना! कोणाला हवंय?"

इथेच पहिली ठेच लागली. आमच्याकडे साधा खिळा घ्यायला गेलात तरी भिंत कुठली, तसबीर कोणाची, आणि तो वारला कशाने, एवढं सांगितल्याशिवाय खिळा मिळत नाही.

"एका मित्राला," बहगत म्हणाले.

"मित्र कुठे चाललाय?"

"कुठेच नाही!"

"मग पोलिश कशाला?"

"त्याला... आवड आहे."

दुकानदाराने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू यांच्या मित्राला रॉकेल पिण्याची आवड आहे. मग गठ्ठ्यातून एक पुस्तक उपसून त्यावरची धूळ त्यांच्याच कोटावर झटकली. "हे घ्या. बल्गेरियन."

"मी पोलिश म्हटलं."

"शेजारचंच आहे, उस्ताद."

"शेजारचं?" भूगोल उसळून आला. "मग मधला रोमानिया कुठे गेला?"

"रोमानियाही आहे. खालच्या गठ्ठ्यात."

आणि गंमत अशी, की कोणीच 'नाही' म्हणेना. समोरच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याला दारातून हाकलल्यासारखं. त्यापेक्षा काहीतरी द्यावं, निदान पत्ता तरी द्यावा! एकाने चेक भाषेतलं ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक काढलं. दुसऱ्याने तलत हर्ब चौकाजवळच्या परदेशी भाषांच्या जुन्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे बहगत घाम पुसत पोचले, तर काउंटरवर मोबाइलची कव्हरं लटकत होती. मालक म्हणाला, "पुस्तकं होती ना! वडील होते तोवर. पण बसा, चहा घ्या." चहा पिऊन झाल्यावर त्याने आणखी एक पत्ता दिला. तिथे सगळं दुकान फ्रेंच. तिथली बाई कळवळून म्हणाली, "अहो, मित्राला फ्रेंच शिकवा ना. फ्रेंच येत नसली तरी लोकांना आवडते."

बहगत पाय ओढत पुन्हा अतब्याला आले. पहिला दुकानदार त्यांची वाटच पाहत होता. त्याने इकडे तिकडे बघून खूण केली आणि एक बारकं, पिवळं पडलेलं पुस्तक हळूच पुढे सरकवलं.

एका पानावर पोलिश, समोरच्या पानावर अरबी! सुरुवातीला कुठलं अक्षर कसं उच्चारायचं तेही अरबीत दिलेलं. बहगत यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पुस्तकाचं नाव वाचलं. कधीकाळी इजिप्तमध्ये उत्खनन करणाऱ्या पोलिश तुकडीने आपल्या इथल्या मदतनिसांसाठी छापलेली ती वाक्यं होती. जागोजागी थडग्यांची चित्रं.

"ब्रश आणा." "हाडाला हात लावू नका." "कवटीचं तोंड पश्चिमेकडे आहे."

"दुसरं काही? म्हणजे 'बाळा, कशी आहेस', 'जेवलीस का', असलं?"

"उस्ताद," दुकानदार म्हणाला, "सगळ्या कैरोत एवढंच पोलिश शिल्लक आहे."

बहगत यांनी विचार केला. भाषा ती भाषा! व्याकरण थडग्यातलं असलं तरी व्याकरणच. त्यांनी पुस्तक घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि वळतात तो समोर उम्म वलीदचा दीर! तो त्या कोपऱ्यावर हातगाडीवर मोजे विकायचा.

"या, या उस्ताद बहगत! इकडे कुठे? काय घेतलंत?"

"काही नाही!" बहगत यांनी पुडकं कोटाच्या आत कोंबलं आणि मेट्रोच्या दिशेने पळ काढला. मोजेवाल्याला बघून इतक्या जोरात पळालेला माणूस त्या दिराने जन्मात पाहिला नव्हता.

आता मतरियाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या पायाखाली जुनं शहर गाडलेलं आहे. पाया खणताना कोणाला दगडी पाऊल सापडतं, कोणाला अर्धा राजा. त्यामुळे मतरियात दोन तऱ्हेची माणसं. एक, ज्यांना काही सापडलं आणि जी गप्प राहतात. दुसरी, ज्यांना काही सापडलं नाही आणि जी या गप्प राहणाऱ्यांबद्दल बोलत राहतात. आणि अशा धनावर जिन्नाचा पहारा असतो, तो उठवायला धूप जाळून परक्या भाषेतले मंत्र म्हणावे लागतात, याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

नेमकं त्याच आठवड्यात बहगत यांच्या बाथरूमखालचा पाइप फुटला. तळमजला असल्यामुळे नळवाल्याला फरशी उखडून खाली खणावं लागलं. दोन दिवस तो मातीची पोती पाठीवर घेऊन जिन्याखालून बाहेर काढत होता. बाल्कनीतून पावासाठी दोरीची टोपली सोडत असलेल्या उम्म वलीदने टोपली अर्ध्यावरच थांबवली.

"उस्ताद, हे काय काढलंत?"

"राडारोडा आहे, उम्म वलीद."

"एवढा?"

"पाइप खोल होता."

टोपली हळूहळू रिकामीच वर गेली. पाव घ्यायचं ती विसरून गेली होती.

दुपारी गल्ली झोपली, की बहगत दारं-खिडक्या लावून अभ्यासाला बसत. पण डक्टच्या खिडकीची काच तडकलेली होती. तिच्यातून त्यांचं पोलिश वर चढे. पोलिश भाषा कशी ऐकू येते? तापलेल्या तव्यावर मूठभर पाणी शिंपडा, आणि मग तो तवा जिन्यावरून खाली सोडा. बहगत खर्जात म्हणत, "हळू उकरा, खाली कोणीतरी झोपलं आहे!" एकच वाक्य पुन्हा पुन्हा, बोटावर मोजत, चाळीस वेळा, कारण ते मास्तर होते! आणि त्याच वेळी अफाफबाई प्रवासाला दृष्ट लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात धूप फिरवत. मंत्रामागोमाग धुराचा लोट डक्टमधून थेट उम्म वलीदच्या स्वयंपाकघरात!

उम्म वलीदने पोती मोजली, दिराची हकिगत ऐकली, मंत्र ऐकले, धूप हुंगला, आणि टोपली खाली सोडली. या खेपेला पावासाठी नाही, तर किराणावाल्याच्या बायकोला वर बोलवायची चिठ्ठी घेऊन.

दोन दिवसांत गल्ली बदलली! कॉफीखान्यात बहगत शिरले की लोक उठून खुर्ची देऊ लागले. खाटकाने न मागता कलेजी बांधून दिली. "राहू द्या हो उस्ताद, आपल्यात कसला हिशेब!" ज्या खाटकाने पोटच्या मुलालाही चरबी कमी करून दिली नव्हती, तो हा! केस कापताना न्हावी कानाशी पुटपुटला, "मोठे झाल्यावर आम्हाला विसरू नका."

बहगत घरी आले ते पांढरेफटक पडून. "अफाफ! फुटलं! सगळ्यांना कळलंय!"

"तुम्ही बोललात!"

"मी? तूच बोलली असशील बहिणीकडे!"

"त्या फ्रिजपासून मी बहिणीलाही काही सांगत नाही!" अफाफबाईंनी छातीवर हात मारून घेतला. "आता व्हिसा कसला मिळतो! नकार द्या, अबू हैसम! कोणी काही विचारलं तरी सरळ नकार द्या!"

मग बहगत नकार देत सुटले. आणि धनाच्या बाबतीत नकारासारखा पुरावा नाही! "काही नाहीये हो" असं ते जितक्या कळवळून सांगत, तितका गल्लीच्या हिशेबात त्यांच्या बाथरूमखालचा राजा मोठा होत जाई. प्रथम तो कमरेपर्यंत होता. मंगळवारपर्यंत त्याला राणी मिळाली.

गुरुवारी घरमालक हाज मुतवल्ली आला, तोही बसबूसाचा डबा घेऊन! बहगत यांच्या वडिलांच्या काळापासून गोठलेलं भाडं वाढत नाही म्हणून या माणसाने आजवर फक्त शिव्या आणल्या होत्या. मिठाईचा डबा बघून अफाफबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून हळूच पाच बोटं ताणून त्याच्या पाठीमागे धरली.

"उस्ताद," मुतवल्ली गोड आवाजात म्हणाला, "आपण काही परके नाही. मला सगळं माहीत आहे."

बहगत यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. असं आहे तर! मी परदेशी गेलो, की हा अफाफला बाहेर काढून घराला कुलूप ठोकणार!

"आम्ही कुठेही जाणार नाही!" ते गरजले. "या घरातून एक पाऊल हलणार नाही!"

"अर्थात! आता कोण हलेल?" मुतवल्लीने डोळा मारला. "पण जमीन माझी आहे, हेही ध्यानात असू द्या. निम्मं निम्मं?"

"निम्मं काय? एक खोलीसुद्धा मिळणार नाही तुम्हाला!"

"खोल्या आहेत?" मुतवल्लीचा आवाज चिरकला. "किती?"

"तीन, आणि एक न्हाणीघर! जणू तुम्हाला माहीतच नाही!"

मुतवल्ली भिंतीला धरून उभा राहिला. न्हाणीघरासकट तीन खोल्या म्हणजे साधा सरदार नव्हे, थेट राजघराणं! तो बसबूसाचा डबा परत घेऊन निघून गेला, आणि 'माझ्या जमिनीखालचे राजे चोरीला चालले आहेत' अशी तक्रार त्याने त्याच दिवशी पोलिसांत दिली.

मुलाखतीचा दिवस उजाडला. अकराची वेळ होती. बहगत यांनी लग्नातला सूट घातला, टाय बांधला, आरशासमोर उभं राहून एकदा "हाडाला हात लावू नका" म्हणून बघितलं. पासपोर्ट आणि सगळी कागदपत्रं फाइलमध्ये लावून टेबलावर ठेवली. इतक्यात दार वाजलं.

दारात पुराणवस्तू खात्याच्या पोलिसांचा एक तरुण फौजदार, मागे दोन शिपाई, त्यांच्या मागे मुतवल्ली, त्याच्या मागे उम्म वलीद आणि तिच्या मागे उरलेली गल्ली! अफाफबाईंनी चपळाईने फाइल सोफ्यावर टाकली आणि स्वतः तिच्यावर बसल्या.

"उस्ताद बहगत आपणच? घर बघायचंय." फौजदार अदबीने बोलत होता, पण नजर थेट बाथरूमकडे. फरशी नवी, सिमेंट ताजं. "खाली काय आहे?"

"पाइप."

"वर धूप कसला?"

"वास येत होता. पाइपचा."

शिपायाने उशीखालून पुस्तक काढून आणलं. फौजदाराने अरबी पान मोठ्याने वाचलं. "'थडगं हिवाळ्याआधी उघडायचं आहे.' 'मूर्ती गवतात नीट गुंडाळा.' 'खोकी बंदरावर कधी जाणार?'" त्याने मान वर केली. "खाली पेन्सिलीच्या खुणा केल्यात. पाठ करत होतात?"

"उजळणी," बहगत पुटपुटले.

"ही परकी भाषा शिकून बोलणार कोणाशी होता, उस्ताद? गिऱ्हाईक कोण?"

दारातून सगळी गल्ली कान टवकारून आत वाकली. एक शब्द बोलला, 'पोलंडला नातीकडे चाललोय', की सुटका! पण हा शब्द उम्म वलीदच्या समोर? मुलाखतीला जेमतेम वेळ उरलेला असताना? बहगत यांनी बायकोकडे पाहिलं. अफाफबाईंनी डोळ्यांनीच निक्षून सांगितलं, नाही!

"आवड म्हणून," बहगत म्हणाले.

"आणि सूट घालून कुठे निघालात?"

"कुठेच नाही. घरात सूटच घालतो मी."

"खोटं!" उम्म वलीद दारातून किंचाळली. "घरात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालतात! मी रोज वाळत घातलेला बघते!"

"बाई, तुम्ही जरा उठा," फौजदार अफाफबाईंना म्हणाला.

"गुडघे दुखतात, बाळा."

"सोफ्याखाली काही आहे का?"

"सोफ्याखाली सोफ्याचे पाय आहेत! वाटल्यास यांना घेऊन जा. माझे गुडघे उठणार नाहीत!"

नवऱ्याला तुरुंगात धाडीन, पण प्रवासाला दृष्ट लागू देणार नाही, असा तो करारी बाणा बघून शिपायांचेही डोळे पाणावले. फौजदाराने सुस्कारा सोडला. "चला उस्ताद, ठाण्यावर बोलू." घड्याळाकडे बघत बहगत उठले. मुलाखत हुकली तर पुन्हा तारीख कधी? झोशा पाच वर्षांची होईल, सहा वर्षांची होईल, आणि आजोबा भिंतीवरच्या तसबिरीसारखे हसत राहतील...

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. फौजदाराने पडद्यावरचा परदेशी नंबर पाहिला, ओठ दाबले, आणि बटण दाबून फोन सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हेच ते गिऱ्हाईक!" मुतवल्ली ओरडला.

पडद्यावर दोन वेण्या घातलेलं चार वर्षांचं गिऱ्हाईक आलं. हातात अर्धं केळं. त्याने आजोबांकडे बघून, सवयीने, फारशी आशा न ठेवता, काहीतरी विचारलं.

बहगत यांना पोलीस दिसेनात, गल्ली दिसेना. तोंड उघडलं आणि जे पाठ होतं ते बाहेर पडलं. स्वच्छ, खणखणीत पोलिशमध्ये ते म्हणाले, "हळू उकरा, खाली कोणीतरी झोपलं आहे."

केळं खाली पडलं. झोशाचे डोळे बश्यांएवढे झाले. ती किंकाळी फोडून पळाली, लगेच परत आली, आणि पडद्याला नाक चिकटवून अगदी हळू आवाजात तिने एक प्रश्न विचारला.

"कवटीचं तोंड पश्चिमेकडे आहे," बहगत म्हणाले.

झोशाने दोन्ही हात गालांवर ठेवले. आजवर कोणतंही मोठं माणूस तिच्याशी इतकं महत्त्वाचं काही बोललं नव्हतं.

"बाबा!" हैसम धडपडत पडद्यावर आला. "तुम्ही पोलिश बोललात! म्हणजे... काय बोललात हे? ती विचारतेय, कोण झोपलंय? आणि बाबा, अकरा वाजत आले! आज व्हिसाची मुलाखत ना? अजून घरातच? पोलंडला यायचंय की नाही?"

अफाफबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"व्हिसा?" उम्म वलीद म्हणाली. "म्हणजे... नुसता प्रवास?"

"नातीकडे," बहगत कसंबसं म्हणाले. "तिच्याशी बोलता यावं म्हणून."

"मग राणी?" खाटकाने मागून विचारलं. "राणी नाहीच?"

अफाफबाई आता उठल्या. गुडघे एकदम बरे झाले होते. त्यांनी फाइल फौजदारापुढे आपटली. "घ्या! झालं समाधान? एवढे दिवस सांभाळलं, आता सगळ्या गल्लीची दृष्ट लागली!"

"दृष्ट?" उम्म वलीदला ते फारच लागलं. "पोलंडला कोण दृष्ट लावतंय, उम्म हैसम? कॅनडा असता तर गोष्ट वेगळी. पोलंडला नुसती थंडी असते! देवाने सांभाळावं तुम्हाला, आणि काय!"

अफाफबाईंना आयुष्यात इतका अपमान कधी वाटला नव्हता.

फौजदार फाइल चाळत होता. त्याने एकदा पडद्यावरच्या झोशाकडे पाहिलं, ती अजून तिथेच होती आणि उत्तराची वाट पाहत होती. मग त्याने घड्याळ पाहिलं. "उस्ताद, मेट्रोने नाही पोचणार. चला, सोडतो."

अशा रीतीने उस्ताद बहगत पोलिसांच्या गाडीतून, दोन शिपायांच्या मध्ये बसून, सायरन वाजवत मुलाखतीला पोचले. वाटेत ओळखीच्या एकाने पाहिलं आणि गल्लीत येऊन सांगितलं, की अखेर राजा सापडला.

वकिलातीतल्या खिडकीमागच्या चष्मेवाल्या बाईंनी अरबीत विचारलं, "प्रवासाचा उद्देश?"

हाच क्षण! बहगत यांनी टाय सारखा केला आणि पोलिशमध्ये उत्तर दिलं, "थडगं हिवाळ्याआधी उघडायचं आहे."

बाईंनी चष्मा काढला. पोलिशमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. बहगत यांच्याकडे आता फारसा साठा उरला नव्हता. ते अदबीने म्हणाले, "ब्रश आणा."

बाईंनी हैसमचं बोलावणं वाचलं, झोशाचा फोटो बघितला, आणि बराच वेळ रुमालात खोकल्या. मग अरबीत म्हणाल्या, "उच्चार चांगले आहेत, उस्ताद. विषय तेवढा बदला."

व्हिसा मिळाला. गल्लीच्या दृष्टीने पोलंड इतका कवडीमोलाचा देश होता, की कोणी मनापासून वाईट चिंतायलासुद्धा तयार झालं नाही. उलट सगळ्यांना कीवच आली. उम्म वलीदने मुलुखियाच्या वाळवलेल्या पालेभाजीची पिशवी आणून दिली, वर लोकरीची टोपी. खाटकाने मात्र कलेजीचे पैसे मागून घेतले.

पोझनानला विमान उतरलं तेव्हा बाहेर बर्फ पडून गेलं होतं. दाराशी लाल बूट घातलेली झोशा उभी होती. आजोबा खरोखरचे होते, जाड होते, आणि त्यांना पुदिन्याचा वास येत होता. तिने भराभर काहीतरी विचारलं. बहगत यांना त्यातला एकच शब्द कळला, कवटी. तेवढा पुरे होता. ते गुडघ्यावर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "कवटीचं तोंड पश्चिमेकडे आहे."

झोशाने चारी बाजूंना बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"पश्चिम कुठे आहे म्हणतेय," मागून हैसम म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या.

पश्चिम कुठे! आयुष्यात प्रथमच नातीने विचारलेला प्रश्न त्यांना समजला होता, आणि तो निघाला भूगोलाचा! उस्ताद बहगत उठले, त्यांनी छाती पुढे काढली, आणि सगळ्या हयातीचा अधिकार एकवटून बर्फातून हात लांब केला. तिकडे!

झोशाने त्यांचं बोट धरलं आणि दोघं निघाली.

"बाबा!" हैसम ओरडला. "बाबा, ती उत्तर आहे!"

पण तोवर दोघं बरीच पुढे गेली होती.